गावोगावच्या हाऊस कॉन्सर्टचा दौरा: मानधनाच्या आधी यजमानाचा हिशेब

तुम्ही अमेरिकेत नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात राहता, नऊ वर्षे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली आहे, कंट्री-फोक वळणाची सोळा इंग्रजी गाणी स्वतः लिहून घरीच ध्वनिमुद्रित केली आहेत आणि पुढच्या उन्हाळ्यात नोकरी सोडून नेब्रास्का, कॅन्सास व साउथ डकोटातील लहान गावांतून सहा आठवडे हाऊस कॉन्सर्ट, म्हणजे लोकांच्या घरी मैफली, करत फिरण्याचा तुमचा विचार आहे. तुमचे प्रश्न चार आहेत: एका मैफलीचे किती पैसे मागावेत, आठवड्याला किती मैफली झाल्या म्हणजे भागते, मराठी नाव आणि मराठी उच्चार असलेल्या माणसाकडून हे गाणे तिथले लोक ऐकून घेतील का, आणि ध्वनियंत्रणा कोणती घ्यावी. मी मूळची आटपाडीकडची. गेली पंधरा वर्षे कॅन्सासमधल्या लॉरेन्स येथे राहून याच पट्ट्यात गिटार घेऊन फिरते आहे, आणि वर्षाचे वीसेक आठवडे माझे पोट याच मैफलींवर चालते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट आधी विचारणे भाग आहे, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे: तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व आहे की तुम्ही एच-वन-बी व्हिसावर आहात? एच-वन-बीवर असलेल्या माणसाला ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचसाठी काम करता येते. एखाद्याच्या दिवाणखान्यात गाऊन श्रोत्यांनी टोपलीत टाकलेले पैसे घेणे हेसुद्धा कामच ठरते. शिवाय नोकरी सोडल्यानंतर देशात राहण्याची सवलत जास्तीत जास्त ६० दिवसांची आहे, आणि ती नवी नोकरी शोधण्यासाठी किंवा आवराआवरीसाठी आहे, दौऱ्यासाठी नाही. ‘पैसे न घेता गायलो तर चालेल का’ असा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारते. त्याचे उत्तर इमिग्रेशनच्या वकिलाकडूनच घ्यावे, माझ्यासारख्या गाणाऱ्या बाईकडून घेऊ नये. जोडीदाराच्या एच-वन-बीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर काम करण्याचा परवाना मिळालेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्यात स्वतःचा व्यवसाय करता येतो. इथून पुढे तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे असे गृहीत धरते.

आता पैशांकडे वळते, पण जरा वळसा घेऊन. तुमच्या चारही प्रश्नांत यजमानाचा उल्लेख एकदाही नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. हाऊस कॉन्सर्ट म्हणजे छोटा हॉल आणि स्वस्त तिकीट असा समज करून घेतला की हिशेब पहिल्या पायरीलाच चुकतो. आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखाच हा प्रकार आहे: घर यजमानाचे, निमंत्रण यजमानाचे, आलेली माणसे त्याच्या शब्दाखातर आलेली, आणि तुम्ही त्या संध्याकाळचे निमित्त. नेब्रास्कातील चेरी काउंटीचेच (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) उदाहरण घ्या. क्षेत्रफळ सुमारे सहा हजार चौरस मैल आणि लोकवस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. अशा ठिकाणी पंचवीस माणसे एका दिवाणखान्यात जमतात ती तुमचे गाणे इंटरनेटवर ऐकून जमत नाहीत. ज्या बाईंनी बोलावले त्यांनी मागच्या हिवाळ्यात आपली गाडी बर्फातून ओढून काढली होती म्हणून जमतात. तेव्हा तुम्हाला श्रोते असलेली गावे शोधायची नसून माणसे गोळा करू शकणारा एकेक यजमान शोधायचा आहे.

असा यजमान ओळखायचा कसा, हे मी फटका खाऊन शिकले. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या दौऱ्यात एका अतिशय उत्साही गृहस्थांनी मला बोलावले; घर प्रशस्त, पियानो, भिंतीवर तीन गिटारी, संगीताची उत्तम जाण. मी पोहोचले तेव्हा खुर्च्या तीस आणि माणसे चार होती, त्यांपैकी दोन घरचीच. त्यांनी सगळे निमंत्रण समाजमाध्यमावर एक पाटी लावून उरकले होते. तेव्हापासून नव्या यजमानाला होकार देण्याआधी मी फोनवर एकच प्रश्न विचारते: ‘तुमच्याकडे शेवटी वीस माणसे जेवायला कधी आली होती?’ ज्याला हे चटकन आठवते, मग त्याला संगीतातले काही कळो वा न कळो, त्याच्याकडे मैफल होते. निवृत्त शिक्षिका, चर्चच्या वाद्यवृंदातले कोणी, गावातले पशुवैद्य, वाचनालयाच्या बाई, ही माझ्या यादीतली सर्वांत भरवशाची माणसे आहेत. निमंत्रणांचे गणित असे की पंचवीस हवे असतील तर यजमानाने पाऊणशे जणांना बोलवावे, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांतल्या निम्म्यांना तरी फोन करावा. खेड्यात येणार की नाही हे कोणी कळवत नाही. येतात किंवा येत नाहीत.

पहिले यजमान कुठून मिळवायचे, हा याच्या पोटातला प्रश्न. माझ्या अनुभवात तीन वाटा उपयोगी पडल्या. एक, इतर गाणाऱ्यांकडून: फोक अलायन्स इंटरनॅशनल ही संस्था दर वर्षी परिषद भरवते आणि तिच्या प्रादेशिक शाखांच्या परिषदा वेगळ्या होतात, तिथे रात्री उशिरापर्यंत हॉटेलच्या खोल्यांत पलंग उभे करून जी छोटेखानी सादरीकरणे चालतात, त्यांत नियमित मैफली भरवणारे यजमान मुद्दाम हिंडत असतात. दोन, तुमच्या ओमाहातल्याच सहकाऱ्यांची गावाकडची घरे; नेब्रास्कात शहरात राहणाऱ्या प्रत्येकाची कुठेतरी एक मावशी आणि तिचे शेत असते. तीन, झालेल्या मैफलीतले श्रोते. ही तिसरी वाट सर्वांत फलदायी आहे, कारण दर वेळी मध्यंतरात कोणीतरी येऊन ‘आमच्याकडेही जागा आहे’ असे म्हणतेच, आणि त्या क्षणी वहीत नाव लिहून घेतले नाही तर ते घर हातचे जाते. पत्र पाठवताना मोठा परिचय लिहू नका. एका गाण्याची, एकाच टप्प्यात, स्वयंपाकघरात बसून केलेली चित्रफीत पाठवा. यजमानाला तुमचा अल्बम कसा आहे यापेक्षा आपल्या घरात तुम्ही कसे दिसाल-वागाल ते पाहायचे असते.

पैशांचे म्हणाल तर या पट्ट्यात ठरीव मानधन मागण्याची पद्धत नाही. यजमान निमंत्रणातच लिहितो की कलावंतासाठी प्रत्येकी १५ ते २५ डॉलर अपेक्षित आहेत. दाराशी किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर टोपली ठेवली जाते आणि ती पूर्ण रक्कम तुमची असते. यजमान तुम्हाला जेवण आणि रात्रीची खोली देतो. दारात तिकीट लावू नये याला कारण आहे: पैसे घेऊन प्रवेश दिला की ते घर व्यवसायाची जागा ठरण्याचा धोका असतो, आणि मग स्थानिक नियम, घराचा विमा असे प्रश्न उभे राहतात. घराचा पत्ता जाहीर करू नये, मद्य विकू नये, ही पथ्ये त्याच कारणाने आली. दुसऱ्याची गाणी गाण्याबद्दलही थोडे सावध राहा. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कुटुंब आणि त्याच्या नेहमीच्या परिचयातल्यांच्या पलीकडची बरीच माणसे जमली तर ते सार्वजनिक सादरीकरण धरले जाते. तुम्ही स्वतःचीच गाणी गाणार आहात, त्यामुळे तुमच्यापुरता हा प्रश्न सौम्य आहे.

माझ्या एका बऱ्या आठवड्याचा हिशेब मांडते. चार मैफली, सरासरी २२ माणसे, आणि टोपलीत डोई सरासरी १८ डॉलर, कारण काही जण दहा ठेवतात, काही जोडपी तीस, आणि एखादे आजोबा गुपचूप पन्नासची नोट सरकवतात. म्हणजे १,५८४ डॉलर. सीडी आणि गाण्यांच्या छापील वह्या मिळून मैफलीमागे सुमारे ९०, म्हणजे ३६० डॉलर. वयस्क श्रोते अजून सीडी घेतात. एकूण १,९४४. खर्चात बाराशे मैलांचे पेट्रोल सुमारे १४० डॉलर, मधल्या दोन रात्री मोटेलचे १८०, वाटेतले खाणे १००, तारा आणि किरकोळ ३०, मिळून ४५०. हाती उरतात सुमारे १,५०० डॉलर, पण त्यातून आरोग्यविमा, गाडीची झीज आणि कर जायचे असतात. टोपलीतले पैसे ‘देणगी’ म्हटले जात असले तरी ते तुमचे करपात्र उत्पन्न आहे. ते शेड्यूल सी या स्वतःच्या व्यवसायाच्या करपत्रकात दाखवावे लागते आणि खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर नेहमीच्या आयकराखेरीज १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर लागतो. इथे मैलांची वही तुम्हाला तारते. २०२५ साठी आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचा, प्रमाण दर मैलाला ७० सेंट होता, म्हणजे बाराशे मैलांची वजावट ८४० डॉलर झाली, मात्र मग पेट्रोल आणि दुरुस्ती वेगळी दाखवता येत नाही. रोज रात्री झोपण्याआधी गाडीचा आकडा लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आठवड्याला चारहून जास्त मैफली घेऊ नका, असे मी निक्षून सांगेन. कागदावर सहा बसतात. परंतु यजमानाच्या घरी मुक्काम म्हणजे रात्री अकरापर्यंत गप्पा, सकाळी न्याहारीला पुन्हा गप्पा, गोठा पाहणे, नातवाने गिटारवर बसवलेले गाणे ऐकणे. आणि हे सगळे मनापासून करायचे असते, कारण पुढच्या वर्षीचे निमंत्रण त्या न्याहारीच्या टेबलावर ठरते. लागोपाठ तीन दिवस असे झाले की चौथ्या दिवशी मला कुलूप लागणारी खोली आणि न बोलणारी भिंत हवी असते. एकट्याने, विशेषतः बाईमाणसाने फिरताना आणखी एक: नव्या यजमानाकडे उतरण्याआधी तिथे गाऊन आलेल्या एखाद्या कलावंताशी मी फोनवर बोलते, आणि तसे कोणी सापडले नाही तर मैफल करते पण मुक्काम मोटेलात ठेवते. यजमान याचा राग धरत नाहीत. धरलाच, तर तेही आपल्याला कळलेले बरे.

तुमच्या उन्हाळ्याच्या बेताबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. आपल्याकडे तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि जत्रांचा हंगाम सुगी उरकल्यावर भरात येतो, तसेच इथेही शेतीचे वेळापत्रक पाळल्याशिवाय दौरा लागत नाही. कॅन्सासमध्ये जून म्हणजे गव्हाची कापणी. त्या दोन-तीन आठवड्यांत कंबाइन या कापणीयंत्रावर बसलेला माणूस रात्री दहाला घरी येतो. जुलैत सँडहिल्समध्ये, म्हणजे नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांच्या कुरणपट्ट्यात, गवताची कापणी चालू असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये काउंटी फेअर, म्हणजे तिथल्या जत्रा. सप्टेंबरअखेरीस मका निघू लागतो तो नोव्हेंबरपर्यंत पुरतो. फेब्रुवारी ते एप्रिल गुरांच्या कुरणांवर वासरे जन्मतात, त्या दिवसांत रँचवाले धड झोपतही नाहीत. शिवाय शरदात शुक्रवारची संध्याकाळ शाळेच्या फुटबॉलची, आणि बऱ्याच गावांत बुधवारची संध्याकाळ चर्चची. एवढे सगळे वजा करून मला लाभलेले काळ म्हणजे गहू-मक्याच्या भागात मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य, सँडहिल्समध्ये सप्टेंबरचा आरंभ, आणि सगळीकडेच नोव्हेंबरचे मधले दोन आठवडे. रविवारी दुपारी तीनची वेळ कधीच वाया जात नाही. लोक चर्चहून जेवून येतात आणि अंधार पडण्याआधी घरी पोहोचतात. हरणे रस्त्यावर उतरायच्या आत आपणही पोहोचावे, हा भाग वेगळा.

वेळेवरून आठवले. नेब्रास्काचा पश्चिम भाग माउंटन वेळेवर चालतो आणि पूर्वेकडचा सेंट्रल वेळेवर. ओगलालाहून नॉर्थ प्लॅट जेमतेम पन्नास मैलांवर आहे, पण पूर्वेकडे निघालात की वाटेत एक तास हरवतो. मी हे ठाऊक असूनही एकदा दुपारच्या मैफलीला अशीच पन्नास मिनिटे उशिरा पोहोचले होते. अठरा माणसे अंगत-पंगतीचे जेवण उरकून, बशा धुऊन, खुर्च्यांवर शांत बसून होती. कोणी एक शब्द बोलले नाही, आणि तेच फार लागले. आता वेळापत्रकात प्रत्येक वेळेपुढे मी ‘सें.’ किंवा ‘मा.’ लिहिते. नकाशाही फोनमध्ये आधीच उतरवून ठेवते, कारण त्या भागात कित्येक मैल सिग्नल मिळत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि त्याचे उत्तर मी फक्त माझ्यापुरते देऊ शकते. प्रत्येकाचा वर्ण, वय, स्वभाव आणि नशीब निराळे असते. मला उघड वैर फार कमी वाट्याला आले, कुतूहल मात्र जवळजवळ प्रत्येक घरात भेटले, आणि क्वचित ते शिणवणारेही होते. ‘हे गाणे तुम्ही कुठे शिकलात’ हा प्रश्न येणारच. त्याचे एक खरे, दोन वाक्यांचे उत्तर तयार ठेवा. उच्चार पुसून टेनेसीचा सूर लावण्याचा खटाटोप मी पहिली दोन वर्षे केला, आणि त्या काळातले माझे ध्वनिमुद्रण आज मला ऐकवत नाही. ज्या संगीताला आपण कंट्री म्हणतो त्याचा उगम पाहिलात तर संकोच कमी होईल. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टल गावी टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत जी ध्वनिमुद्रणे झाली, त्यांतून कार्टर कुटुंब पुढे आले. ए. पी. कार्टर डोंगरातल्या घराघरांत जाऊन गाणी गोळा करत, आणि पुढे त्या भटकंतीत त्यांच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. बँजो आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा. तेव्हा हे गाणे अमक्याच्याच मालकीचे, असे कोणी म्हटलेच तर इतिहास त्याच्या बाजूने नाही.

परंतु श्रोत्यांना इतिहास सांगून काही होत नाही, गाणे खरे असावे लागते. मी पूर्वी पिकअप ट्रक आणि धुळीचे रस्ते यांवर गाणी लिहीत असे आणि लोक सभ्यपणे टाळ्या वाजवत. मग एका वर्षी आमच्या शेतातल्या बोअरवर लिहिले: आजोबांच्या वेळी विहिरीला हाताने पोहरा टाकत, वडिलांनी तीनशे फूट खोल जाऊन पाणी काढले, आणि भावाने सहाशे फुटांवर नुसती धूळ. हे गाणे पश्चिम कॅन्सासमध्ये पहिल्यांदा गायले त्या रात्री कोणी टाळीच वाजवली नाही. मला वाटले फसले. मध्यंतरात एक शेतकरी कॉफीचा कप हातात घेऊन आले आणि त्यांच्या बापाच्या बोअरची खोली सांगू लागले. मग दुसरे आले. त्यांची शेती ओगलाला भूजलसाठ्यावर चालते आणि तिथले पाणी वर्षानुवर्षे खाली जाते आहे, हे मला तोवर फक्त वर्तमानपत्रातून माहीत होते. तुमच्या सोळा गाण्यांत असे एखादे असेल तर ते पहिल्या भागाच्या शेवटी ठेवा, म्हणजे मध्यंतरात लोकांना तुमच्याशी बोलायला विषय मिळतो. नसेल, तर दौऱ्याआधी ते लिहिणे हे ध्वनियंत्रणा विकत घेण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे.

बाकी संध्याकाळचा क्रम सोपा आहे. सहाला अंगत-पंगत, सातला सुरुवात, पाऊण तासाचा एक भाग, वीस मिनिटे मध्यंतर, पुन्हा पाऊण तास. मध्यंतर गाळू नका. टोपली आणि सीडींचे टेबल तेव्हाच हलते. टोपलीबद्दल यजमानाने बोलावे, तुम्ही नाही. सोळा गाणी नव्वद मिनिटे पुरवायची म्हणजे गाण्यांमधले बोलणेही तालमीत घ्यावे लागेल, घड्याळ लावून.

सहा आठवडे सलग आणि नोकरी सोडून, हा बेत मात्र पुन्हा तपासा. आधी रजा काढून दहा दिवसांचा, सहा घरांचा फेरा करा. त्यात दोन घरे रद्द होतील, एका घरात आठ माणसे असतील आणि एका घरातून पुढच्या वर्षीची तीन निमंत्रणे मिळतील. तुमचा पुढचा नकाशा त्या तीन निमंत्रणांवरून आखा.

राहिली ध्वनियंत्रणा. तीस माणसांपर्यंत काहीही नेऊ नका. दिवाणखान्यात पाठीशी भिंत किंवा पुस्तकांचे कपाट राहील अशी जागा धरा, खिडकी आणि स्वयंपाकघराचे दार पाठीमागे येऊ देऊ नका, आणि पहिली रांग तुमच्यापासून पाच-सहा फुटांवरच लावा. चाळीसच्या वर माणसे किंवा अंगणातली मैफल असेल तर गिटार आणि एक मायक्रोफोन घेणारा, एका हाताने उचलता येईल असा छोटा अँप्लिफायर पुरतो. त्यापेक्षा हिवाळ्यात गिटारीच्या पेटीत ओलावा राखणारी पिशवी ठेवायला विसरू नका. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या कोरड्या हवेने माझ्या एका गिटारीची वरची फळी तारा जिथे अडकतात तिथे अशी तडकली की नख आत जात होते. आणि गाणे सुरू होण्याआधी पंखा व फ्रिज बंद करायला सांगा, कारण फ्रिजची घरघर संथ गाण्याखाली चुकीचा षड्ज लावून बसते. तो पुन्हा चालू करायचे यजमान विसरतात आणि सकाळी त्यांचे मांस खराब झालेले असते. म्हणून मी माझ्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते; तो उघडल्याशिवाय मला निघताच येत नाही.